मळीपासून मद्यार्क, आणि पुढे?

विज्ञान प्रदर्शनांच्या दिवसांत शाळाशाळांतून फिरताना एक तक्ता आम्हाला हमखास भेटतो. वर ठळक अक्षरांत 'टाकाऊतून टिकाऊ' असे शीर्षक. डावीकडे उसाचे चित्र. तिथून एक बाण साखरेच्या पोत्याकडे जातो, दुसरा मळीच्या पिंपाकडे. पिंपापासून निघालेला बाण मद्यार्काच्या बाटलीपाशी जाऊन थांबतो. हल्ली बाटलीशेजारी एक मोटारही काढलेली असते. बाणावर 'यीस्ट' असे लिहिलेले, आणि तक्त्याच्या तळाशी 'जैवतंत्रज्ञानाची किमया'. तक्त्याजवळची मुले सगळे पाठ म्हणून दाखवतात आणि पाहुणे शाबासकी देऊन पुढच्या टेबलाकडे वळतात.

आम्हीही बरीच वर्षे तशी शाबासकी देत आलो आहोत. या विषयावर लिहिताना असेच बाण आम्हीही काढले आहेत. पण एका साखर कारखान्याजवळच्या गावी, सातवीतल्या एका मुलीने तक्त्यापाशी उभ्या असलेल्या मुलांना विचारले, "मग आमच्या वढ्याला काळं पाणी येतं, ते यात कुठाय?" मुलांनी बाईंकडे पाहिले आणि बाईंनी आमच्याकडे. "ते प्रदूषणाच्या धड्यात येईल," असे काहीतरी आम्ही म्हणालो. ते उत्तर नव्हते. ते मुलीला कळले, बाईंना कळले आणि आम्हालाही कळले.

हा लेख म्हणजे त्या तक्त्याचे परीक्षण आहे. तक्ता काढणाऱ्या मुलांना दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. मुलांनी तो धड्यांवरून, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांवरून आणि आमच्यासारख्यांच्या लेखांवरून काढलेला असतो. टाकाऊ पदार्थांपासून उपयोगी वस्तू करण्याचा विषय आपण सगळेच ज्या रीतीने मांडतो, तिच्यात विज्ञानाचा गाभा, म्हणजे हिशेब, गळून पडतो असे आम्हाला वाटते. हिशेब गळला की उरते ती जादू. आणि ओढ्याकाठच्या मुलांचा जादूवर विश्वास बसत नाही, कारण वास त्यांच्या घरापर्यंत येतो.

आधी शब्दांचा घोटाळा

तक्त्यातला पहिला दोष भाषेचा आहे. 'मळी' हा शब्द आपण किमान तीन वस्तूंसाठी वापरतो. साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर जो दाट, काळपट पाक उरतो, ज्यातून आणखी साखर काढणे परवडत नाही, ती एक मळी. पुस्तकात आणि तक्त्यात हीच असते. शेतकरी 'कारखान्याची मळी' शेतात टाकतो म्हणतो तेव्हा बहुधा त्याला रस गाळताना मागे राहिलेला चोथा, म्हणजे प्रेसमड, अभिप्रेत असतो. आणि वृत्तपत्रात 'मळीमिश्रित पाण्याने मासे मेले' अशी बातमी येते, तेव्हा ते पाणी बहुतेक वेळा आसवनीतून, म्हणजे मद्यार्क गाळण्याच्या कारखान्यातून, बाहेर पडलेले असते. त्याला कारखान्यात स्पेंटवॉश म्हणतात.

तीन वस्तूंना एकच नाव असल्याने मुलांचा समज असा होतो की पुस्तकातली मळी 'चांगली' आणि ओढ्यातली मळी 'सांडलेली'. वास्तविक ओढ्यातले पाणी हा सांडलेला कच्चा माल नसतो. तो त्याच 'किमये'चा दुसरा, तितकाच अपरिहार्य भाग असतो. म्हणून या लेखात आम्ही मळी हा शब्द फक्त त्या दाट पाकासाठी वापरू. बाकी दोहोंना प्रेसमड आणि स्पेंटवॉश म्हणू. वर्गातही एवढी शिस्त पाळली तर निम्मा गोंधळ मिटेल.

एका टनाचा हिशेब

दुसरा दोष आकड्यांचा. तक्त्यावर बाण आहेत, आकडे नाहीत. ते आपण भरून पाहू. ऊस, जमीन आणि कारखाना यांप्रमाणे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र बदलणार नाही.

एक टन ऊस गाळला की साधारण १०० ते ११० किलो साखर मिळते. ओलसर चिपाड, म्हणजे बगॅस, सुमारे ३०० किलो निघते आणि ते बहुतांशी कारखान्याच्याच बॉयलरमध्ये जळते. प्रेसमड ३० ते ४० किलो. मळी ४० किलोंच्या आसपास. बाकीचे बहुतेक पाणी.

या ४० किलो मळीपासून सुमारे १० लिटर मद्यार्क मिळतो. तक्ता इथे थांबतो. पण दर लिटर मद्यार्कामागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश बाहेर पडतो. हिशेबाला सोपे म्हणून १० धरू. म्हणजे एका टन उसामागे १० लिटर मद्यार्क आणि १०० लिटर स्पेंटवॉश. तक्त्यावर बाटली काढायची तर तिच्याशेजारी तशाच दहा बाटल्या काळ्या पाण्याच्या काढायला हव्यात.

इतके पाणी येते कुठून? याचे उत्तर यीस्टच्या स्वभावात आहे. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क तयार करते, पण तोच मद्यार्क तिला विषासारखा बाधतो. मळीच्या आंबवणात मद्यार्काचे प्रमाण ८-१० टक्क्यांच्या आसपास गेले की तिचे काम मंदावते. त्यामुळे दाट मळीत आधी भरपूर पाणी घालून ती पातळ करावी लागते. पुढे ऊर्ध्वपातनाने मद्यार्क काढून घेतला की ते सगळे पाणी, न आंबलेले पदार्थ आणि मळीतले सगळे क्षार यांसह मागे उरते. हे कोणाच्या निष्काळजीपणामुळे घडत नाही. आंबवण्याच्या प्रक्रियेतच ते आहे. निष्काळजीपणाचा प्रश्न येतो तो हे पाणी पुढे कुठे जाते इथे.

आता या पाण्याचा जोर पाहू. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, या मापाला जैविक ऑक्सिजन मागणी किंवा बीओडी म्हणतात. घरगुती सांडपाण्याची बीओडी दर लिटरला २००-३०० मिलिग्रॅम असते. स्पेंटवॉशची ४०,००० ते ५०,००० मिलिग्रॅम. नदीच्या स्वच्छ पाण्यात दर लिटरमागे ऑक्सिजन विरघळलेला असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. भागाकार मुलांना करू द्यावा: ४५,००० भागिले ८. एक लिटर स्पेंटवॉश पुरा कुजायचा तर साडेपाच हजार लिटरांहून अधिक नदीच्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपतो. मासे का मरतात हे सांगायला मग वेगळा प्रदूषणाचा धडा लागत नाही.

आणखी एक गणित. एका माणसाचे सांडपाणी दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम बीओडी निर्माण करते असे धरतात. रोज ३०,००० लिटर मद्यार्क काढणारी आसवनी ३ लाख लिटर स्पेंटवॉश सोडते. तिची बीओडी १३,५०० किलो. म्हणजे गावाबाहेर उभी असलेली ती एक आसवनी सांडपाण्याच्या हिशेबाने ३ लाख वस्तीच्या शहराइतकी असते.

जीवाणू काय करतात आणि काय करत नाहीत

तिसरा दोष कल्पनेचा. 'जीवाणू कचरा खाऊन टाकतात' हे वाक्य आपण फार सहज वापरतो. खाल्लेले कुठे जाते, हे विचारत नाही.

स्पेंटवॉश हवाबंद टाकीत ठेवून मिथेन वायू मिळवणे ही जैवतंत्रज्ञानाची खरोखर चांगली कामगिरी आहे. तिचे तत्त्व गोबर गॅसचेच आहे. आपल्या १०० लिटर स्पेंटवॉशपासून ३ ते ४ घनमीटर वायू मिळतो. तो आसवनीच्या बॉयलरमध्ये जाळला की तेवढे इंधन वाचते. बीओडी ८० ते ९० टक्क्यांनी उतरते. हे श्रेय नाकारण्याचे काही कारण नाही.

पण उरलेले १० टक्के पाहा. ४५,००० चे १० टक्के म्हणजे ४,५००. घरगुती सांडपाण्याच्या पंधरा-वीस पट. नदीत सोडण्यासाठी मर्यादा आहे ३०. शिवाय पाण्याचा काळा-तपकिरी रंग जवळजवळ तसाच राहतो. तो मेलॅनॉइडिन नावाच्या पदार्थांचा. साखर आणि अमिनो आम्ले एकत्र तापली की ते तयार होतात. लुई कामिय माइयार या फ्रेंच संशोधकाने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. पावाची तपकिरी कड आणि भाजलेल्या कॉफीचा रंग याच क्रियेतून येतात. हे पदार्थ जीवाणूंना सहज पचत नाहीत. जिवंत गोष्टींच्या पचनशक्तीला मर्यादा असतात, हे मुलांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. नेमके तेच आपण गाळतो.

इथे इतिहासाची एक आठवण करून द्यावीशी वाटते. १८५६ मध्ये फ्रान्समधील लील शहरात बीटपासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराची आंबवणे बिघडू लागली. त्याने तेथील विज्ञानाचे प्राध्यापक लुई पाश्चर यांची मदत मागितली. पाश्चर पिंपांतले आंबवण घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसले, आणि आंबण्याची क्रिया हे जिवंत सूक्ष्मजीवांचे काम आहे या विचाराकडे त्यांचे पाऊल पडले. बाटलीत काय मिळाले एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. पिंपात काय चालले आहे आणि काय उरले आहे हे त्यांनी पाहिले. आपला तक्ता बाटलीवर थांबतो.

मातीची उधारी

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. साखरेचे रेणुसूत्र फळ्यावर लिहा. तिच्यात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन आहे. मद्यार्काच्या रेणूतही हीच तीन मूलद्रव्ये. मिथेनमध्ये तर कार्बन आणि हायड्रोजन दोनच. ही सगळी उसाने हवेतून आणि पाण्यातून घेतलेली.

पण उसाने मातीतून नत्र, स्फुरद आणि पालाशही घेतले होते. ते साखरेच्या पोत्यात गेले नाहीत, मद्यार्काच्या टँकरमध्ये गेले नाहीत आणि मिथेनबरोबर जळले नाहीत. ते गेले चिपाडाच्या राखेत, प्रेसमडमध्ये आणि मळीमार्गे स्पेंटवॉशमध्ये. म्हणजे ज्याला आपण विकाऊ माल म्हणतो तो जवळजवळ सगळा हवा-पाण्याचा, आणि ज्याला टाकाऊ म्हणतो त्यात मातीचा हिस्सा. स्पेंटवॉशमध्ये पालाश दर लिटरला सुमारे १० ग्रॅम असते. आपल्या १०० लिटरांत ते एक किलो झाले. आपला देश पालाश खत जवळजवळ सगळे परदेशातून आणतो, आणि तेच पालाश ओढ्यातून वाहून जाते!

'शाश्वत' हा शब्द तक्त्यावर असतो, पण त्याचा अर्थ कुठे दिसत नाही. आमच्या मते अर्थ साधा आहे: मातीतून जे घेतले ते मातीला परत मिळाले का? या कसोटीवर निरनिराळे उपाय तपासता येतात. मिथेन काढल्यावर उरलेला स्पेंटवॉश प्रेसमडवर शिंपडून, ढीग वरचेवर उलटून दीड-दोन महिन्यांत खत करता येते. एक किलो प्रेसमडमध्ये साधारण अडीच लिटर स्पेंटवॉश जिरतो. आपल्या हिशेबात ३५ किलो प्रेसमड धरले तर ८०-९० लिटर जिरतील. म्हणजे १०० पैकी बहुतेक. कागदावर हिशेब सुरेख जुळतो. मात्र त्यासाठी पक्क्या तळाचे विस्तीर्ण आवार हवे, प्रेसमड दुसरीकडे गेलेले नसावे आणि पावसाळ्यात ढीग उघडे नसावेत. यातले एक जरी चुकले तरी काळे पाणी विहिरींत उतरते.

दुसरा मार्ग स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळण्याचा. यात नत्र आणि सेंद्रिय भाग हवेत जातो, पण पालाश राखेत उरते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मळीपासून मिळणाऱ्या अशा पालाशाचा खतांच्या अनुदान योजनेत समावेश केला. तिसरा मार्ग, शेतात सरळ सोडण्याचा. तो मोजून-मापून केला तर खत, आणि विल्हेवाट म्हणून केला तर जमीन खारवणारा. तिन्ही मार्गांत जमा-खर्च वेगळा आहे. आसवन्यांनी नदीनाल्यांत काहीच सोडू नये, हे उद्दिष्ट केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि उद्योग यांच्यात ठरलेल्या २००३ च्या सनदेत स्पष्ट लिहिले गेले. म्हणजे उपाय माहीत आहेत आणि नियमही आहेत. काळे पाणी दिसले तर ते विज्ञान अपुरे पडल्यामुळे आले, की खर्च टाळल्यामुळे, हा प्रश्न नागरिकांना विचारता आला पाहिजे. तो विचारायला हिशेब यावा लागतो.

टाकाऊ कोणी ठरवले?

शेवटचा दोष 'टाकाऊ' या विशेषणाचा. तक्त्यात टाकाऊपणा हा जणू पदार्थाचा गुणधर्म असतो, जसा वितळणबिंदू. वास्तविक तो व्यवहार आहे. मळीला भाव नव्हता तेव्हा ती अडचण होती. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला. २०१८ च्या धोरणाने, जिच्यात जास्त साखर शिल्लक आहे अशा मळीपासून आणि उसाच्या रसापासूनही इंधनासाठी मद्यार्क करण्याची वाट मोकळी झाली. २०२२ मध्ये पेट्रोलमधले मद्यार्काचे प्रमाण १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. मधे डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने रसापासून मद्यार्क करण्यावर बंधने आली.

यातून काय दिसते? कारखाना आता मळीत मुद्दाम साखर शिल्लक ठेवू शकतो. मग ती मळी टाकाऊ कशी? ती तर योजून केलेले उत्पादन झाली. तिच्यासाठी ऊस लागतो, उसाला पाणी लागते, आणि आपल्या राज्यात उसाखालचे क्षेत्र थोडे असले तरी पाटाच्या पाण्यातला त्याचा वाटा मोठा आहे. 'टाकाऊतून इंधन' असे शीर्षक देऊन हे पाणी हिशेबाबाहेर ठेवता येत नाही. हे धोरण चूक की बरोबर, याचा निकाल आम्ही इथे देत नाही. शीर्षक मात्र चूक आहे, एवढे आम्ही नक्की म्हणतो.

वर्गात काय करता येईल

तक्ता फाडून टाका असे आम्ही सांगणार नाही. तो पुरा करा. त्यासाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. दोन सारख्या बाटल्या घ्या. दोन्हींत २०० मिलिलिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम गूळ विरघळवा. एकीत चमचाभर बेकरीतले यीस्ट घाला, दुसरीत घालू नका. तोंडाला कापसाचा सैल बोळा लावा. बूच घट्ट लावू नका, वायूच्या दाबाने बाटली फुटेल. दोन्ही बाटल्यांचे वजन करा आणि तीन-चार दिवस रोज त्याच वेळी वजन करत राहा.

यीस्टच्या बाटलीचे वजन दुसरीपेक्षा जास्त उतरेल. हा फरक प्रामुख्याने उडून गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा. समीकरणाप्रमाणे १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. जवळजवळ निम्मी साखर वायू होऊन जाते. २० ग्रॅम गुळाला हा आकडा ८-९ ग्रॅमपेक्षा जास्त येऊ नये, कमीच येईल. का कमी येतो, यावर वर्गात चर्चा होऊ द्या. शेवटी विचारा: मद्यार्क काढून घेतला असे समजू, बाटलीत काय उरेल? किती? कुठे ओताल? आंबवण कोणी चाखू नये आणि ते गाळण्याचा प्रयत्न करू नये, हे सांगायला विसरू नका.

मग तक्त्यावर प्रत्येक चौकटीपाशी तीन प्रश्न लिहायला लावा. आत किती आले? बाहेर किती गेले आणि कोणत्या रूपात? उरलेले कोणाच्या दारात गेले? हेच प्रश्न भाजी मंडईतल्या कचऱ्याला, शाळेच्या खिचडीच्या उरलेल्या भाताला आणि गोठ्यातल्या शेणालाही लागू पडतात. ज्या तक्त्यात तिन्हींची उत्तरे आहेत तो आमच्या दृष्टीने पहिल्या नंबराचा, मग त्याची अक्षरे वेडीवाकडी का असेनात.

त्या सातवीतल्या मुलीला आज आम्ही सांगू: बाई, तुमचे काळे पाणी याच चित्रात आहे. बाटलीच्या उजवीकडे जागा कोरी सोडली होती, ती त्याचीच. तिथे दहा बाटल्या काढ, आणि त्यांच्यापासून एक बाण डावीकडे उसाच्या मुळाशी नेता येतो का पाहा. आज तो ओढ्याकडे जात असेल तर तसाच काढ. खोटे चित्र काढू नकोस.